एका नव्या पैशाची उधारी



घाटकोपर पूर्वेला टिळक मार्गालगत एका इमारतीच्या आवारात दोन बाक समोरासमोर आहेत. सायंकाळी चौविहार आटोपला, की आमची मंडळी तेथे जमते. मुंबईत सूर्य नोव्हेंबरअखेर सहाच्या सुमारास मावळतो आणि जुलैच्या आरंभी सव्वासात उलटून जातात. म्हणून आमच्या बैठकीची वेळ घड्याळावर ठरत नाही, सूर्यावर ठरते.

मंडळी म्हणजे चौघे ज्येष्ठ आणि मी. मूळजी जेठा मार्केटमध्ये आयुष्य काढलेले कापडवाले काका, भांडीवाले भाऊ, किराणावाले काका आणि त्यांचे मुलुंडचे व्याही. मी अडुसष्ट वर्षांचा, पण त्यांच्यात सर्वांत लहान. म्हणून मला अद्याप ‘बाळ’ म्हणतात.

बैठकीत आगमाची चर्चा होते असा आमच्या घरच्यांचा समज आहे. तो आम्ही आजवर दूर केलेला नाही. प्रत्यक्षात तेथे वाद होतात, आणि तेही ठरावीक. पहिला वाद व्याह्यांचा. उपनगरे मुंबईला दोन हप्त्यांत जोडली गेली. 1950 साली हद्द जोगेश्वरी आणि भांडुपपर्यंत आली, तेव्हा घाटकोपर आत आले. मुलुंड आणि बोरिवलीला 1957 पर्यंत थांबावे लागले. कापडवाले काका हे वर्ष विसरू देत नाहीत.

“सत्तावन्न साली सरकारने मुंबईला दोन नव्या वस्तू दिल्या,” ते म्हणतात, “एक नया पैसा आणि दुसरं मुलुंड.”

“आणि दोन्ही चालले की नाही?” व्याही शांतपणे विचारतात.

दुसरा वाद त्याच नव्या पैशाचा. 1 एप्रिल 1957 रोजी दशमान नाणी आली. सोळा आण्यांच्या रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. म्हणजे एक आणा सव्वासहा पैशांचा. पण सव्वा पैसा कोणी कसा मोजावा? म्हणून सरकारी कोष्टकात एका आण्याचे सहा, दोन आण्यांचे बारा, तीन आण्यांचे एकोणीस आणि चार आण्यांचे पंचवीस पैसे धरले. किराणावाले काका तेव्हा वडिलांच्या दुकानात नुकतेच गादीवर बसू लागले होते. ते कोष्टक त्यांना नवकारासारखे पाठ होते.

भांडीवाले भाऊ तेव्हा बारा वर्षांचे. आईने त्यांच्या हाती पंचवीस नवे पैसे देऊन चार आण्यांचे जिरे आणायला सांगितले. भाऊंनी वाटेत हिशेब केला आणि एकेक आण्याचे जिरे चार फेऱ्यांत नेले. चार वेळा सहा, म्हणजे चोवीस. एक पैसा खिशात! चौथ्या फेरीला काकांनी ती युक्ती ओळखली, परंतु तोवर पुडी बांधून झाली होती. तेव्हापासून त्या एका पैशाची उधारी चालत आली आहे. दर दिवाळीला चोपडापूजनानंतर काका जाहीर करतात, “भाऊंचं खातं पुढे ओढलं आहे.” भाऊ उत्तर देतात, “बेरीज तुमच्या सरकारची, शेठ. मी फक्त पायपीट केली.”

अशा वादांतून सत्य कोणते निघते? कापडवाले काकांना जुना आग्रा रोड आठवतो तो रस्त्याच्या कडेने; पुढे त्याचे लालबहादूर शास्त्री मार्ग असे नामकरण झाले, हे ते मान्य करतात, पण तोंडात आग्रा रोडच येतो. भाऊंना घाटकोपर आठवते ते ओडियन टॉकीजच्या तिकिटाच्या रांगेतून, काकांना दुकानाच्या उंबऱ्यातून, व्याह्यांना गाडीच्या खिडकीतून. गाव एकच, उंबरे चार. आपल्या अनेकांतवादाने हेच तर शिकवले आहे! ‘स्यात्’ म्हणजे ‘कदाचित’ नव्हे, ‘एका अपेक्षेने’. प्रत्येकाचे म्हणणे त्याच्या अपेक्षेने खरे. चौघांनाही हे ठाऊक आहे. तरीही चौघेही भांडतात, कारण सायंकाळ मोठी असते.

कोणी चष्मा विसरला, की बाकी तिघे एकसुरात म्हणत, “ज्ञानावरणीय कर्माचा उदय!” हा आमचा सर्वांत जुना विनोद होता. गेल्या चातुर्मासानंतर तो कोणी केलेला नाही.

त्या दिवशी किराणावाले काकांनी विचारले, “साकीनाक्यावरून जाणारी बस आता मिळेल का? अंधेरीला लेकीकडे जाऊन यावं म्हणतो.” एरवी या प्रश्नावर हशा पिकला असता. घाटकोपरहून अंधेरीमार्गे वर्सोव्याला जाणारी मेट्रो 8 जून 2014 रोजी सुरू झाली, आणि पहिल्याच आठवड्यात आम्हा सर्वांना तिकिटे काढून तिच्यातून नेणारे हेच काका होते. खिडकीशी बसून त्यांनी बाराही स्थानके मोजली होती. आम्ही एकमेकांकडे पाहिले. व्याही म्हणाले, “उद्या जाऊ, आज उशीर झाला.” थोड्या वेळाने काकांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला, आणि मग तिसऱ्यांदा.

घरच्यांनी डॉक्टरांना दाखवले, औषधे सुरू झाली. बाकावर मात्र आम्ही आमचेच औषध काढले: काका म्हणतील त्याला होकार द्यायचा. ते चुकीचे साल म्हणाले तरी होय, चुकीचे दुकान म्हणाले तरी होय. आम्हाला वाटले, ही करुणा आहे. दोन आठवडे बाकावर कमालीची शांतता नांदली.

मग एके सायंकाळी काकांनी काठी टेकवली आणि म्हणाले, “मी पंचावन्न वर्षं गादीवर बसलो. भाव करणाऱ्या गिऱ्हाइकाची मला कधी भीती वाटली नाही. जे गिऱ्हाईक भाव करायचं थांबतं, ते उद्या दुसऱ्या दुकानात जाणार हे समजायचं. तुम्ही मंडळी हल्ली माझ्याशी भाव करत नाही.”

कोणाला काही सुचेना. भाऊ चपलेकडे पाहत राहिले. शेवटी व्याह्यांनी घसा साफ केला.

“शेठ, एक विचारू? तीन आण्यांचे पैसे अठराच ना?”

“एकोणीस!” काका गरजले. “मुलुंडला अठरा असतील. आमच्या घाटकोपरला एकोणीस!” आणि भाऊंकडे वळून म्हणाले, “तुमचं तर बोलूच नका. चार फेऱ्या मारून माझा पैसा बुडवलात.”

भाऊंच्या डोळ्यांत पाणी होते, पण आवाज जागेवर होता. “बेरीज तुमच्या सरकारची, शेठ,” ते म्हणाले.

वाचकहो, त्या दिवसापासून बाकावर एक अलिखित नियम आहे. जेथे काकांचे पाऊल पक्के आहे, तेथे त्यांच्याशी कडकडून भांडायचे: आणे, शेर, छटाक, मालाचे भाव, मुलुंड. जेथे पाऊल डळमळते, तेथे न बोलता हात धरायचा आणि घरापर्यंत सोडून यायचे. बसविषयी त्यांनी विचारले, तर त्यांची चूक काढायची नाही आणि मान डोलावून गप्पही बसायचे नाही. “लेकीची आठवण येते का?” असे विचारायचे. बसमागे तेच असते. मग फोन लावून द्यायचा.

तत्त्वार्थसूत्रात उमास्वातींनी स्मृतीला मतिज्ञानात गणले आहे. त्या ज्ञानावर आवरण येऊ शकते, हे आपण लहानपणापासून ऐकतो. पण आवरण आलेल्या ज्ञानाखाली माणूस जिवंत असतो आणि त्याला आपल्या जुन्या भांडणाची आस असते, हे आम्हाला पोथीने नव्हे, एका किराणा व्यापाऱ्याने शिकवले. वैयावृत्याला आपण अंतरंग तपांत स्थान दिले आहे. सेवा म्हणजे केवळ पाय चेपणे, औषधाची वेळ पाळणे नव्हे. आजाऱ्याला पूर्वीइतकेच तोलामोलाचा मानून त्याच्याशी वाद घालणे, हीही सेवाच.

तुमच्या घरी असे कोणी आजोबा, काका, मामी असतील, तर आज त्यांच्या धंद्यातला, त्यांच्या गावातला एखादा हिशेब मुद्दाम चुकवून पाहा. त्यांनी खडसावले, तर भाग्य समजा.

दिवाळी जवळ येत आहे. एक पैशाचे नाणे आता बाजारात चालत नाही. भाऊंनी कोठून तरी एक जुना नया पैसा मिळवून खिशात ठेवला आहे, परंतु तो काकांना द्यायचा नाही असा त्यांचा निश्चय आहे.

मी कारण विचारले. ते म्हणाले, “बाळ, खातं मिटलं तर पुढे काय ओढायचं?”