"डॉक्टरांना विचारा!"

गेल्या वर्षी आईच्या छातीत पाणी झाले. क्षयाचे निदान झाले आणि बारा दिवस ती एका सार्वजनिक रुग्णालयात होती. घाटकोपरला असल्फ्याच्या टेकडीवरील आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. तेव्हा "तू शिकलेली, तूच विचार" म्हणून चौकशीचे काम माझ्याकडे आले.

गोळ्या सुरू झाल्या आणि दुसऱ्याच दिवशी आईला लघवी लाल झाली. रक्तच पडते आहे या भीतीने ती गोळ्या उशीखाली लपवू लागली. मी सिस्टरना विचारले. उत्तर आले, "डॉक्टरांना विचारा." डॉक्टरांची फेरी केव्हाच आटोपली होती. दुसऱ्या दिवशी ते आले, केसपेपर पाहिला आणि पुढच्या खाटेकडे वळले. वर्गात तावातावाने बोलणारी मी तेथे मुकी झाले!

त्या रात्री पाळीवर दुसऱ्या सिस्टर होत्या. त्या म्हणाल्या, "मावशी, हे रक्त नव्हे, रिफाम्पिसिनच्या गोळीचा रंग आहे. घाम, आसवेसुद्धा तांबूस होतील. गोळी मात्र सोडायची नाही." अर्धे मिनिट लागले असेल! आईने मुकाट्याने उशीखालच्या गोळ्या काढून दिल्या.

साध्या क्षयाचा उपचार ६ महिने चालतो. तो मध्येच सोडला तर जंतू औषधाला दाद देईनासे होण्याचा धोका असतो. म्हणजे ते अर्धे मिनिट हा उपचाराचाच भाग होता, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

पहिल्या सिस्टरना मी दोष देणार नाही. सर्वसाधारण रुग्णालयात ५ रुग्णांमागे १ परिचारिका, असा इंडियन नर्सिंग कौन्सिलचा दंडक आहे. त्या वॉर्डात मात्र एका सिस्टरच्या वाट्याला तीस खाटा होत्या. शिवाय एखादा शब्द चुकला तर बोलणी कोणी खायची? निदान करणे, उपचार बदलणे हे डॉक्टरांचेच काम, हेही मान्य. पण गोळी कशी घ्यावी, तिने काय होते, काय झाले तर धावत यावे, हे सिस्टरना शिकवलेलेच असते. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ साली तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत माहितीचा हक्क पहिला आहे. ती माहिती रुग्णाला समजेल अशा भाषेत, डॉक्टरांनी स्वतः किंवा पात्र सहायकांमार्फत द्यावी, असे ती सनद सांगते. मग सिस्टरांची तोंडे बंद का?

कोणत्या प्रश्नांची उत्तरे सिस्टरांनी द्यावीत, हे प्रत्येक वॉर्डात डॉक्टरांनी ठरवून द्यावे. आणि जे ठाऊक नसेल तेथे "डॉक्टरांना विचारा" ऐवजी "मी विचारून सांगते" एवढेच म्हणावे. मी शिकलेली असून माझी वाचा बसली. वाचकहो, शेजारच्या खाटेवरील म्हातारीला तर विचारायला कोणीच नव्हते. तिच्या उशीखाली काय होते, कोण जाणे!

— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला