गटारमा टाकी दे, कोन देखस?

स्वतःच्या हाताने गाडीचं इंजिन ऑइल बदललं की दोन दिवस पाय जमिनीवर राहत नाहीत. शहाद्याला आमच्या घरी एक जुनी, छोटी पेट्रोल गाडी आहे. गेल्या सुट्टीत तिचं ऑइल मी बदललं. आयुष्यात पहिल्यांदा. गॅरेजची मजुरी वाचली, गाडी सुरू झाली, खाली थेंबही गळला नाही. मग काय, ग्रुपवर फोटो, स्टेटस, सगळं झालं. फोटोत एकच वस्तू नव्हती : भिंतीकडेला ठेवलेला काळ्या ऑइलचा कॅन. आजचं बोलणं त्या कॅनबद्दल आहे.

आधी काम कसं झालं ते सांगते, कारण तुम्हीही ते एकदा करून बघावं असं मनापासून वाटतं. मॅन्युअल उघडून ऑइलचा ग्रेड आणि किती लिटर लागतं ते पाहिलं. इंजिन पाच मिनिटं चालवून बंद केलं. ऑइल कोमट असलं की पातळ होतं आणि घाण सोबत घेऊन बाहेर येतं. पुढची चाकं जाड फळ्यांच्या चढावर घेतली, हँडब्रेक ओढला, मागच्या चाकांना दगड लावले. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीच शिरायचं नाही. जॅक सरकला तर बाहेर यायला वेळ मिळत नाही.

खाली झोपल्यावर डावं-उजवं कळेना. थोडा वेळ मी ड्रेन बोल्ट सैल करायच्या ऐवजी आवळतच होते. तो निघाला तेव्हा अर्धं ऑइल घमेल्यात, थोडं माझ्या कोपरावर. मग फिल्टर बदलला. जुन्या फिल्टरचं रबर इंजिनला चिकटून राहिलेलं नाही ना, हे तपासलं. नव्याच्या रबराला बोटाने ऑइल लावून तो हातानेच आवळला. बोल्टला नवा वायसर घातला. इथे उगाच ताकद दाखवली तर आटे जातात आणि मग तेलही गेलं, तूपही गेलं, हाती आलं धुपाटणं! नरसाळ्याने नवं ऑइल ओतलं, इंजिन मिनिटभर चालवलं, थोडं थांबून डिपस्टिक पाहिली. झालं.

आपल्यातले बहुतेक जण बाइकवाले, म्हणून एक सूचना. कारचं ऑइल बाइकमध्ये ओतू नका. बहुतेक बाइकचा क्लच इंजिन ऑइलमध्येच बुडालेला असतो. डब्यावर ‘जासो एमए’ लिहिलेलं ऑइल लागतं, नाहीतर क्लच घसरू शकतो.

आता कॅन. त्यात साधारण तीन लिटर जळकं ऑइल होतं. शेजारचे काका चांगले माणूस. मला खाली झोपलेलं पाहून त्यांनीच जाड फळ्या आणून दिल्या होत्या. कॅन घेऊन मी विचार करत उभी आहे, हे पाहून ते सहज म्हणाले, “गटारमा टाकी दे ना व, कोन देखस?”

खरंच, कोण बघणार होतं? मी टाकलं असतं तर कुणी एक शब्द बोललं नसतं. पण शहाद्याचं पाणी उतरतं गोमाईत. गोमाई प्रकाशाला तापीला मिळते. ज्या संगमावर आपण दर्शनाला जातो, अस्थी विसर्जनाला जातो, तिथे. तापी पुढे उकाईच्या धरणात आणि सुरतेला जाते. गटार म्हणजे शेवट नाही, गटार म्हणजे रस्ता आहे.

“तीन लिटरने काय होतं?” हा प्रश्न मलाही पडला होता. अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था सांगते की, एका गाडीच्या एका ऑइल बदलातलं टाकाऊ तेल दहा लाख गॅलन गोडं पाणी खराब करू शकतं. वापरलेल्या ऑइलमध्ये इंजिनच्या झिजेतून आलेले धातूचे कण असतात, काजळी असते, इंधन जळताना तयार झालेली विषारी संयुगं असतात. आपल्याकडे हेच ऑइल वाळवी लागू नये म्हणून लाकडाला फासतात, सेंट्रिंगच्या प्लेटांना लावतात. त्यात हात घालताना कुणी हातमोजे घालत नाही. मीही घातले नव्हते.

आणि गंमत म्हणजे, ऑइल वापरून संपत नाही. ते फक्त घाण होतं. कारखान्यात शुद्ध करून त्यातून पुन्हा वंगणाचं मूळ तेल मिळवता येतं. म्हणजे आपण गटारात टाकतो तो नुसता कचरा नाही, कच्चा माल आहे.

कायदाही हेच म्हणतो. २०१६च्या घातक कचरा नियमांमध्ये वापरलेलं तेल येतं. १ एप्रिल २०२४ पासून तर ऑइल तयार करणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवर त्याच्या पुनर्वापराची जबाबदारी टाकली आहे. २०१६च्याच घनकचरा नियमांनी शहरांना घरगुती घातक कचऱ्यासाठी वेगळी संकलन केंद्रं उभारायला सांगितलं होतं. कागदावर सगळं आहे. पण कॅन हातात घेऊन उभ्या असलेल्या माणसाने नेमकं कुठे जायचं, हे आमच्या गल्लीत एकालाही सांगता आलं नाही.

शेवटी मी कॅन घेऊन एका गॅरेजवर गेले. तिथले दादा हसले, पण ऑइल ड्रममध्ये ओतून घेतलं. म्हणाले, ड्रम भरला की घेणारा येतो. “तो कुठे नेतो?” “ते त्याला माहीत, ताई.” म्हणजे माझा प्रश्न सुटला, ऑइलचा नाही.

हिशेब करून बघा. कॉलेजच्या पार्किंगमध्ये २०० बाइक उभ्या आहेत असं धरा. शंभर-सव्वाशे सीसीच्या बाइकला साधारण एक लिटरच्या आत ऑइल लागतं. वर्षातून दोनदा बदललं तरी साडेतीनशे लिटरच्या आसपास जळकं ऑइल निघतं. एका कॉलेजचं, एका वर्षाचं. तुम्ही स्वतः बदला नाहीतर गॅरेजमध्ये, तेवढं निघणारच.

यावर उपाय फार मोठा नाही. नवं ऑइल विकणाऱ्या दुकानाने जुनं परत घ्यावं. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा ट्रेड चालतो, तिथल्या वर्कशॉपच्या दारात सगळ्यांसाठी एक झाकणाचा ड्रम ठेवता येईल. तो अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच जाईल, हे नगरपालिकेने पाहावं. आणि दरवर्षी झाडं लावणाऱ्या आपल्या एनएसएसच्या मुलामुलींनी या वर्षी प्राचार्यांकडे एवढी एकच मागणी घेऊन जावं.

तोवर आपल्या हातात दोन गोष्टी आहेत. स्वतः ऑइल बदलणार असाल तर घट्ट झाकणाचा कॅन आधी शोधा, पाना नंतर. त्यात पाणी, पेट्रोल काही मिसळू नका, नाहीतर ते शुद्ध करणं अवघड होतं. आणि गॅरेजमध्ये बदलणार असाल तर बिल देताना विचारा, “दादा, काढलेलं ऑइल कुठे जातं?” पहिल्या वेळी ते हसतील. दहाव्या गिऱ्हाइकानेही तेच विचारलं, तर ड्रम न्यायला येणाऱ्याला ते स्वतः विचारतील.

काकांच्या फळ्या मी परत करायला गेले तेव्हा ऑइलचं काय केलं, हे त्यांना सांगितलं. त्यांच्या मोटारसायकलचं ऑइल पुढच्या महिन्यात बदलायचं आहे. माझा रिकामा कॅन त्यांनी मागून घेतला आहे.