पदवीच्या पुढची वाट

दरवर्षीं वैद्यकीय प्रवेशपरीक्षेचे निकाल लागले म्हणजे लातूरच्या चौकाचौकांतून हसऱ्या मुलामुलींच्या तसबिरी झळकूं लागतात, आणि नांदेडही आतां या चढाओढींत मागें राहिलेलें नाहीं. राजर्षि शाहू व दयानंद या महाविद्यालयांमुळें लातूरची कीर्ति महाराष्ट्रभर झाली, बाहेरगांवचीं मुलें येथें खोल्या घेऊन राहूं लागलीं, आणि घरमालकापासून खाणावळवाल्यापर्यंत अनेकांच्या गल्ल्यांत त्या कीर्तीचा प्रसाद पडूं लागला. यांत वाईट कांहीं नाहीं. परंतु जीं मुलें वैद्यकीकडे न जातां विज्ञानाची अथवा अभियांत्रिकीची पदवी घेऊन तीन-चार वर्षांनीं पुन्हां घरच्या ओट्यावर येऊन बसतात, त्यांची तसबीर कोणी लावीत नाहीं. त्यांच्या पुढच्या वाटेची चौकशीही कोणी करीत नाहीं. आजचा आमचा विषय ही दुसरी मंडळी होय.

तो आजच काढण्यास कारण आहे. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाच्या हद्दींत, हिंगोली जिल्ह्यांत औंढा नागनाथाजवळ, ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभारण्याचें ठरलें आहे. केंद्र सरकारनें २०१६ सालीं तिला तत्त्वतः मान्यता दिली आणि एप्रिल २०२३ मध्यें सुमारें २,६०० कोटी रुपयांचा खर्च मंजूर केला. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन निर्वात नळ्या काटकोनांत ठेवावयाच्या, त्यांतून लेसरचा किरण सोडावयाचा, आणि दूरच्या कृष्णविवरांच्या टकरीनें उठलेल्या लहरीमुळें त्या अंतरांत अणुगर्भाहूनही सूक्ष्म असा जो फरक पडेल तो टिपावयाचा, अशी ही योजना आहे. अमेरिकेंतील अशाच जोड वेधशाळांनीं १४ सप्टेंबर २०१५ रोजीं अशी पहिली लहर टिपली. येथें लागणारीं माणसें म्हणजे प्रकाशशास्त्र, निर्वाततंत्र, नियंत्रणयंत्रणा, भूकंपलहरींपासून बचाव आणि गणकयंत्रावरील विश्लेषण जाणणारीं. कामाची सूत्रें इंदूर, गांधीनगर व पुणें येथील संस्थांकडे आहेत. मग औंढ्याच्या पंचक्रोशींतील मुलांनीं त्या फाटकांतून पहारेकरी आणि मोटारचालक म्हणूनच आंत जावें काय? त्या कामांतही कमीपणा नाहीं. पण तेवढ्यावर समाधान मानण्याइतके आम्ही निरिच्छ नाहीं.

मराठवाड्याला उच्च शिक्षण नेहमींच उशिरानें मिळालें. निजामी अमलांत पदवीसाठीं हैदराबादेस जावें लागे, आणि १९१८ सालीं निघालेल्या उस्मानिया विद्यापीठांत शिक्षण उर्दूंतून. मुक्तीनंतर १९५० सालीं नांदेडास पीपल्स कॉलेज निघालें, १९५८ सालीं औरंगाबादेस विद्यापीठ झालें, १९८१ सालीं विष्णुपुरीस श्री गुरु गोविंदसिंहजींच्या नांवाचें अभियांत्रिकी महाविद्यालय आलें, आणि १९९४ सालीं नांदेडला स्वतःचें विद्यापीठ मिळालें. म्हणजे एका पिढीनें झगडून मिळविलेलें दार आज उघडें आहे. दुःख इतकेंच कीं, आमच्या घरांतून त्या दाराकडे ‘नीट साधली नाहीं म्हणून एम्. एस्सी.’ अशा नजरेनें पाहिलें जातें.

आमचे वाचक व्यापारी आहेत, तेव्हां हिशेबच मांडूं. अभियांत्रिकीच्या पदवीधरानें ‘गेट’ ही परीक्षा उत्तम गुणांनीं दिली व मान्य संस्थेंत एम्. टेक्. ला प्रवेश मिळविला, तर त्यास दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन मिळण्याची सोय आहे. गेटचा निकाल तीन वर्षें चालतो. विज्ञानाच्या पदवीधरास ‘जॅम’ परीक्षेनें आय. आय. टी. त एम्. एस्सी. करतां येतें. पुढें ‘नेट’ मध्यें कनिष्ठ संशोधनवृत्ति मिळाली, तर २०२३ पासून तिचा दर पहिल्या दोन वर्षांस दरमहा ३७,००० रुपये आहे. शिवाय २०२२ च्या नियमांप्रमाणें चार वर्षांच्या पदवीस ७५ टक्के गुण असल्यास थेट पीएच्. डी. चा मार्गही खुला आहे; मात्र या आडवाटेनें पाया कच्चा राहूं नये एवढी धास्ती आम्हांस वाटते. शेत गहाण टाकून मुलास परदेशीं एम्. एस्. ला धाडणारे गृहस्थ आमच्या ओळखीचे आहेत. परदेशीं जावें, अवश्य जावें; पण ज्या शिक्षणास आपलेंच सरकार पैसे देतें त्याची माहितीही न घेतां कर्जाच्या कागदावर सही करणें हें कोणत्या पेढीच्या रिवाजांत बसतें? मुलींच्या बाबतींत तर हिशेबही होत नाहीं. पदवी झाली कीं स्थळें पाहण्यास आरंभ होतो आणि विद्यावेतनाचा अर्ज तसाच पडून राहतो.

‘एवढें शिकून नोकरी कोठें?’ हा आक्षेप आम्ही खोटा म्हणत नाहीं. राज्याच्या विद्यापीठांत व महाविद्यालयांत अध्यापकांच्या मंजूर जागा मोठ्या संख्येनें रिकाम्या आहेत, आणि पीएच्. डी. झालेलीं माणसें तासिका तत्त्वावर राबतात. ज्याच्या गुरूचीच ही गत त्या शिष्यानें संशोधनास कां लागावें? हा दोष सरकारचा आहे आणि तो आम्ही पदोपदीं दाखवीत राहूं. परंतु सरकार जागें होईपर्यंत आम्हीं हात बांधून बसावें असा याचा अर्थ नव्हे, कारण प्रश्न आमच्या दाराशीं आहेत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे किल्लारीस हजारों माणसें ढिगाऱ्याखालीं गेलीं. तेथील काळ्या खडकाखालीं काय आहे हें पाहण्यास विंधणविवर घेतलें तें हैदराबादच्या संस्थेनें. २०१६ सालीं लातूरकरांनीं मिरजेहून आगगाडीनें आलेलें पाणी प्यालें. आमच्या भूजलाचा शास्त्रशुद्ध हिशेब कोणी ठेवावा?

विष्णुपुरीस विद्यापीठ आणि अभियांत्रिकी संस्था शेजारीं-शेजारीं आहेत. पदार्थविज्ञान विभागानें व अभियांत्रिकीच्या अध्यापकांनीं एकत्र बसून प्रकाशशास्त्र, निर्वाततंत्र व नियंत्रणयंत्रणा यांचा एक संयुक्त पदव्युत्तर अभ्यासक्रम काढावा. वेधशाळा उभी राहिल्यावर नव्हे, आतां. लातूरच्या उपकेंद्रानें भूजलाचा विषय हातीं घ्यावा. आणि ज्या शिकवणीवाल्यांनीं व आडत्यांनीं या शहरांच्या कीर्तीवर चार पैसे मिळविले, त्यांनीं गेट, जॅम व नेट यांच्या उमेदवारांसाठीं दोन्ही शहरांत एकेक अभ्यासिका चालवावी. खर्च एका मोठ्या फलकाच्या छपाईहून फारसा अधिक होणार नाहीं. गेट व जॅम या परीक्षा फेब्रुवारीच्या सुमारास होतात आणि त्यांचे अर्ज पावसाळ्याच्या अखेरीस निघतात; तेव्हां अभ्यासिकेचें कुलूप आषाढांत निघालें पाहिजे.