विश्लेषण : विडी न ओढताही दम का लागतो? एम्फिसीमाचे निदान कुठे अडते?

दम लागणाऱ्या रुग्णाला डॉक्टरांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘विडी-सिगारेट ओढता का?’ उत्तर ‘नाही’ आले की अनेकदा दमा, वय किंवा अशक्तपणा यांवर बोट ठेवून विषय संपतो. ‘स्वयंपाक कशावर करता?’ हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

एम्फिसीमा म्हणजे काय?

फुप्फुसात कोट्यवधी सूक्ष्म वायुकोश असतात. त्यांच्या पातळ भिंतींतून प्राणवायू रक्तात जातो. या भिंती फाटून लहान कोशांच्या जागी मोठ्या पोकळ्या तयार होणे म्हणजे एम्फिसीमा. फुप्फुसाची लवचीकता जाते आणि आत घेतलेली हवा पूर्ण बाहेर पडत नाही. एकदा फाटलेली भिंत पुन्हा सांधता येत नाही. ‘सीओपीडी’ या व्यापक आजाराचे हे एक रूप आहे.

कारण कसे उलगडले?

१९६३ मध्ये स्वीडनमधील लॉरेल आणि एरिक्सन यांना काही रुग्णांच्या रक्तात ‘अल्फा-१ अँटिट्रिप्सिन’ या प्रथिनाची उणीव आढळली. त्यांतील काहींना तरुणपणीच एम्फिसीमा झाला होता. हे प्रथिन पांढऱ्या पेशींतून सुटणाऱ्या विकरांना आवर घालते. आवर सुटला की ही विकरे फुप्फुसाचे लवचीक तंतूच कुरतडतात. हा आनुवंशिक दोष विरळा आहे. पण धुरामुळेही हेच संतुलन बिघडते, ही दिशा त्यातून मिळाली.

धूर फक्त तंबाखूचाच?

नाही. लाकूड, गोवऱ्या, पिकांचे अवशेष यांचा धूर, खाणीतील व कारखान्यातील धूळ आणि पूर्वी झालेला क्षयरोग यांमुळेही श्वासमार्गात कायमचा अडथळा येतो. पुण्यातील डॉ. संदीप साळवी आणि ब्रिटनमधील पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये धूम्रपान न करणाऱ्यांमधील सीओपीडीकडे लक्ष वेधले होते. मेक्सिकोतील महिलांच्या सीटी स्कॅनच्या अभ्यासात आणखी एक बाब दिसली. तंबाखू ओढणाऱ्यांत एम्फिसीमा अधिक होता, तर चुलीच्या धुरात वावरलेल्यांत श्वासनलिकांचा आजार अधिक. म्हणजे केवळ फाटलेले वायुकोश शोधत बसल्यास चुलीपुढची बाई निसटण्याचीच शक्यता जास्त.

निदान कसे होते?

स्पायरोमेट्रीने. रुग्ण पूर्ण श्वास घेऊन जोराने नळीत फुंकतो. श्वासनलिका रुंदावणारे औषध दिल्यानंतरही एकूण फुंकलेल्या हवेपैकी पहिल्या सेकंदात ७० टक्क्यांहून कमी बाहेर पडली, तर अडथळा आहे असे मानतात. साधा एक्स-रे सुरुवातीचा एम्फिसीमा सहसा दाखवत नाही. सीटी स्कॅन दाखवतो, पण तो महाग आणि दूर असतो. उलट सुरुवातीला स्पायरोमेट्री जवळपास सामान्य येऊ शकते, म्हणून रुग्णाचा धुराचा इतिहास विचारणे तितकेच महत्त्वाचे.

मग अडते कुठे?

रक्तदाब मोजण्याचे यंत्र प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात अपेक्षित असते. फुप्फुसाची ताकद मोजण्याबाबत तसा आग्रह दिसत नाही. ही चाचणी करून घ्यायला प्रशिक्षित हात लागतात, कारण रुग्णाने फुंकर अर्धवट मारली तर आकडा फसवा येतो. यंत्र खरेदी करून कपाटात ठेवण्याने प्रश्न सुटणार नाही.

२०१६ मध्ये सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने घराघरांत सिलिंडर पोहोचले, हे मोठे काम आहे. पण दुसरा सिलिंडर परवडला नाही तर चूल पुन्हा पेटते. आणि आज चूल विझली तरी वीस-तीस वर्षांत झालेली हानी भरून येत नाही. धूर थांबवणे, श्वासातून घ्यायची औषधे, फ्लूची लस आणि श्वसनाचे व्यायाम यांनी त्रास कमी करता येतो. मात्र त्यासाठी आजार वेळेत कळायला हवा. रुग्णाच्या केसपेपरवर ‘विडी?’ शेजारी ‘चूल?’ असा एक रकाना वाढवायला फारसा खर्च येत नाही. सुरुवात तिथून करता येईल.