भय लहरींचे की आवाजाचे?

बिनतारी हेडफोनमधील विद्युत्चुंबकीय लहरींमुळे मेंदूला कर्करोग जडतो, ही भीती सुशिक्षितांच्याही मनात घर करून बसली आहे. तिला आधार कितपत? जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने २०११ साली रेडिओलहरींना ‘संभाव्य कर्करोगकारक’ म्हटले, हे खरे. पण मानवांतील पुरावा तोकडा असल्याची नोंदही त्याच निर्णयात होती. पुढे २०२४ मध्ये संघटनेने करविलेल्या छाननीत मोबाइलचा वापर व मेंदूचा कर्करोग यांचा संबंध आढळला नाही. ब्लूटूथ हेडफोनची प्रक्षेपणशक्ती तर मोबाइलहून कितीतरी कमी, साधारणतः काही मिलिवॉट!

मग निर्धास्त राहावे काय? मुळीच नाही. खरा घात आवाज करतो. ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास चालतो. ९० वर ही मर्यादा अवघ्या ४ तासांवर येते. लोकलच्या खडखडाटावर मात करण्यासाठी आवाज चढविणाऱ्या तरुणांना याची जाणीव आहे काय? अंतःकर्णातील केशपेशी एकदा नष्ट झाल्या की पुन्हा निर्माण होत नाहीत. आवाजाला आळा घालणाऱ्या उपकरणांचे आंतरराष्ट्रीय मानक २०१९ मध्येच प्रसिद्ध झाले आहे. ते कसोशीने अमलात आणविणे हे सरकारचे कर्तव्य, आणि आवाज आवरणे हे आपले. भुताला भिऊन पळताना विहिरीत पडणे, याला शहाणपण म्हणत नाहीत!