जुन्या पेट्रोल गाड्यांसाठी १० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, रत्नागिरी

विषय : जुन्या गाड्यांसाठी ई-१० पेट्रोलची सोय व्हावी आणि पावसाळ्यात पंपांच्या टाक्यांची तपासणी व्हावी.

महोदय,

आम्ही खाली सह्या करणारे जिल्ह्यातील जुन्या पेट्रोल गाड्यांचे मालक, भाड्याने गाडी चालवणारे आणि गॅरेजवाले आहोत. पेट्रोलने शंभरी ओलांडली तो भार आम्ही सोसतोच आहोत. पण आता त्याच पैशांत गाडी कमी पळते आणि हे पंपावरच्या दराच्या पाटीवर दिसत नाही.

आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल (ई-२०) मिळते आणि इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांश ऊर्जा असते. २० टक्के मिश्रणावर जुन्या चारचाकीचे मायलेज ६ ते ७ टक्क्यांनी घटेल, असे नीती आयोगाच्या २०२१च्या आराखड्यातच नमूद आहे. लिटरला १५ किलोमीटर देणारी गाडी १४ वर आली, तर महिन्याला हजार किलोमीटर चालवणाऱ्याला जवळजवळ ५ लिटर जास्त लागतात. म्हणजे पाचशे रुपये. ज्याचे महिन्याचे भाडे ठरलेले आहे, त्याने ते कुठून आणायचे?

आमच्यापैकी एकाची २००९ची गाडी गेल्या पावसाळ्यात दीड महिना अंगणात उभी होती. सुरू होईना म्हणून टाकी उतरवली. तळाशी पाण्याचा थर होता, फ्युएल पंपाच्या जाळीत तांबूस गाळ बसला होता आणि रबरी नळी बोटाने दाबताच चिरली. सगळे मिळून साडेसहा हजार गेले. नळी वयानेही चिरते, हे आम्हाला मान्य आहे. पण इथेनॉल पाणी ओढून घेते आणि पाणी प्रमाणाबाहेर गेले की दोन्ही मिळून पेट्रोलपासून सुटून तळाला बसतात. कोकणातल्या चार महिन्यांच्या ओलीत हा धोका घाटावरच्यापेक्षा जास्त आहे.

उसाला चार पैसे मिळावेत, तेलाची आयात घटावी, याला आमचा अजिबात विरोध नाही. मात्र त्याच आराखड्यात जुन्या गाड्यांसाठी ई-१० उपलब्ध ठेवावे आणि जास्त मिश्रणाचे इंधन स्वस्त असावे, असेही सुचवले होते. तेवढेच आम्ही मागतो. प्रत्येक तालुक्यात निदान एका पंपावर ई-१० मिळावे आणि ई-२०चा दर घटलेल्या मायलेजच्या हिशेबाने कमी व्हावा, ही मागणी आपल्या शिफारशीसह केंद्रीय पेट्रोलियम मंत्रालयाकडे पाठवावी.

जिल्हा पातळीवर होण्यासारखे कामही आहे. जून ते सप्टेंबर पुरवठा विभागाने पंपांच्या भूमिगत टाक्यांतील पाण्याची अचानक तपासणी करावी आणि पंपचालकाची रोजची नोंद ग्राहकाने मागितल्यास दाखवली जावी. मिश्रणाचे प्रमाण प्रत्येक नोझलजवळ मराठीत ठळक लिहिलेले असावे.

पावसाळ्यापूर्वी आदेश व्हावेत आणि झालेली कार्यवाही आम्हास लेखी कळवावी, ही विनंती.

आपले विश्वासू,
गाडीमालक, चालक व गॅरेजचालक
(सह्यांची यादी सोबत जोडली आहे)