अबूची पहाट

देलवाड्याच्या यात्रेतही माझे पहाटेचे फिरणे चुकत नाही. गेल्या मार्गशीर्षात, उजाडण्यापूर्वीच, धर्मशाळेच्या वळणावर वीसेक पावलांवर एक अस्वल कचराकुंडी उपसताना दिसले. पाठ न फिरवता मी हळूहळू मागे सरकलो. त्याने मान वर करून हुंगले आणि पुन्हा कुंडीत तोंड घातले.

अबूच्या डोंगराचा मोठा भाग १९६० पासून अभयारण्य आहे. अस्वलाचे मूळ अन्न वाळवी, मुंग्या, फळे व मध. त्याची नजर अधू, घ्राणेंद्रिय मात्र तीक्ष्ण. माणूस अकस्मात जवळ आला की ते भयानेच चाल करते. पळून त्याच्यापुढे निभाव लागत नाही.

कुंडीत होत्या आमच्याच संघाच्या पुऱ्या आणि शिरा. थाळी धुऊन पिणारे आम्ही! शिवाय जीवदया म्हणून कठड्यावर माकडांसाठी केळी ठेवली जात, ती वेगळीच.

पुढे मी नवकारसीनंतरच, चौघांसह, मोठ्याने बोलत निघू लागलो. व्यवस्थापकांनी कुंडीला भक्कम झाकण बसविले. केळी मात्र सहज सुटली नाहीत. ‘अस्वलाला वस्तीची चटक लागली, तर मरण त्याचेच,’ असे मी म्हणताच एक ज्येष्ठ श्राविका दुखावल्या. परतीच्या प्रवासात त्या माझ्याशी मोजकेच बोलल्या.